पट्ट्याच्या शेवटी

दाबायचं काम माझं.
मिरजेत, स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत,
पहिला मजला, सकाळी नऊ ते पाच.
प्लेट गार असते, हे मी आधीच सांगून टाकते.
श्वास धरा म्हणते, आणि बायका
असा धरतात
की सोडा म्हणायला मी विसरले
तर दिवेलागणीपर्यंत तशाच उभ्या राहतील.

चार फोटो. दोन सरळ, दोन तिरपे.
मग ब्लाउजची हुकं,
चुकीच्या घरात, काढून पुन्हा.
तोवर फोटो पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत गेलेले असतात
डॉक्टर मुजावरांकडे,
आणि त्यांच्याही आधी
त्या नव्या सॉफ्टवेअरकडे.

ते दमत नाही, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक.
पहिली बाई आणि पन्नासावी बाई त्याला सारखी.
शंका आली की पिवळा चौकोन काढतं,
बाजूला एक आकडा टाकतं.
गेल्या महिन्यात सुनेत्रा चौगुलेंच्या काखेजवळ
त्यानं पंधरा पांढरे ठिपके धरले.
पावडर निघाली. इथून परस्पर लग्नाला जायचं होतं त्यांना.
ओल्या कापसानं पुसून पुन्हा घेतलं प्लेटीखाली,
चौकोन गेला.
मी हसले. डॉक्टर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, पुसायचं आपण विसरलो.
विसरले मी होते.

मंगळवारी तासगावहून जीपनं सहा जणी आल्या,
बेदाणा निवडणाऱ्या.
बोटं चिकट, खोलीभर गोड वास.
शेवटची अक्काताई मगदूम. वय तिला सांगता येईना,
फॉर्मवर मी पंचावन्न लिहिलं.
गाठ नाही, दुखत नाही,
मालकानं गाडी लावली म्हणून आले, म्हणाली.

चौकोन डावीकडे आला. आकडा मोठा.
डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली,
चष्मा पुसला, परत पुसला.
"मी हे सोडलं असतं."
मला म्हणाल्या की पडद्याला, कळलं नाही.

पेशंटला आत घेत नाहीत एरवी. त्या दिवशी घेतलं.
सुई घालून तुकडा काढावा लागेल, डॉक्टर सांगत होत्या,
हे इथं, या चौकोनात, हा यंत्रानं काढलाय.

अक्काताई मान तिरकी करून बघत राहिली,
टेबलावर ओतलेल्या मालाकडे बघावं तशी.
"आमच्याकडंबी आलंय असलं. क्यामेऱ्याचं.
पट्ट्यावरनं माल पळतोय, काळा दाणा दिसला
की हवा मारून उडवतंय बाजूला.
लई झ्याक. चुकत नाय फारसं.
चाळीस जणी हुतो, आता अकरा हाय."

बाकीच्या एकोणतीस कुठे गेल्या
ते आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

"पर शेवटाला बाया बसवतातच की.
रंग कळतोय त्याला, ओला दाणा न्हाय कळत.
त्यो हाताला लागतोय."
मग पडद्यावरची नजर न काढता,
"हितं शेवटाला कोण बसतंय?"

मी दारात उभी, हातात कापसाचा बोळा.
"मी," डॉक्टर म्हणाल्या.
मग माझ्याकडे बघून, जरा थांबून,
"आम्ही."

"मग घाला सुई," अक्काताई म्हणाली.
उठताना पदर सारखा केला.
काउंटरवर कागदाची पुडी ठेवून गेली,
जीप खाली हॉर्न देत होती.

रिपोर्ट शुक्रवारी.
आज बुधवार, सत्तावीस बायका झाल्या,
तीन चौकोन आले, डॉक्टरांनी दोन खोडले,
आणि एक त्यांनी स्वतः काढला,
जिथं त्यानं काहीच काढलं नव्हतं.

मशीन बंद करून पुडी सोडली.
मालकाचा माल नव्हे हा;
बहुतेक हवेनं उडवलेल्यातला.
मी उगाच निवडत बसले नखानं,
देठ वेगळे, दाणे वेगळे.
एक काळा होता.
तोंडात टाकला. गोडच लागला.